पाहुण्या संघाचं पाणी

भिंतींना ताजा रंग लागलेला दिसला की मला धास्ती वाटते. इतरांना आनंद होत असेल. परवा सकाळी चालायला बाहेर पडले, तर आमच्या रस्त्याची लांबच लांब भिंत रंगवलेली. तिच्यावर खेळाडूंची चित्रं, आणि हात जोडून उभी असलेली नऊवारीतली एक बाई. कोपऱ्यावर बसणारी पालेभाजीवाली गायब होती, तिच्या जागी शेवंतीच्या कुंड्या होत्या. वॉचमनला विचारलं, तर तो कौतुकाने म्हणाला, "फॉरेनची टीम येणार ना मॅडम, चार दिवस सगळं झकास ठेवायचंय." भाजीवाली कुठे गेली हे त्याला माहीत नव्हतं. मी पुढे न जाता घरी परतले, चहा टाकला, आणि तो उतू जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.

डिसेंबर तसाही मला सुखाने बसू देत नाही. हवेत गारवा आला, येऊरच्या डोंगरावरचं धुकं खिडकीशी यायला लागलं, की आमच्या घरातली सगळी गेलेली माणसं एकेक करून माझ्याभोवती जमायला लागतात. त्यातल्या एका डिसेंबरचं मी आजवर कुणाला धडपणे सांगितलेलं नाही. सांगायचं काम आईने केलं. मी तेव्हा उठून बाहेर जायचे.

ऐंशीच्या दशकात मुलुंडला खरी थंडी पडायची. पहाटे कारखान्यांचे भोंगे एकापाठोपाठ वाजायचे, आणि कुठला कुठल्या कंपनीचा हे आम्हाला अंथरुणातूनच कळायचं. आम्ही राहायचो एका मैदानावर. मैदानाशेजारी नव्हे, मैदानावरच. पॅव्हेलियनच्या मागे पत्र्याची एक खोली आणि पुढे पडवी, एवढं आमचं घर. माझे वडील, बापू, त्या मैदानाची निगा राखायचे. गवताला पाणी घालायचं, लोखंडी रूळ फिरवायचा, फक्कीच्या पांढऱ्या पुडीने रेघा मारायच्या. त्यांच्या पायांच्या भेगांत ती पूड कायमची बसलेली असायची, आंघोळ करूनही निघायची नाही. आई मैदानावर पाणी भरायची. माझ्या लहानपणीचा वास म्हणजे ओलं गवत, रॉकेल आणि ती फक्की.

अकरा वर्षं बापू तिथे हंगामी होते. हंगामी म्हणजे उद्या नको म्हटलं तर उद्याच नको. नोकरी गेली की खोलीही गेली. दर वर्षी मैदानाचे सेक्रेटरीसाहेब म्हणायचे, "होईल रे सखाराम, कायमचं पत्र निघेल," आणि दर वर्षी बापू त्या वाक्यावर पुढचे बारा महिने काढायचे. मला राग यायचा. मी तेव्हा बावीस वर्षांची, पदवी घेतलेली, घाटकोपरला एका ऑफिसात टायपिस्ट. राग येणं परवडण्याइतपत माझं बरं चाललं होतं.

त्या वर्षी मुंबईत हॉकीची एक स्पर्धा भरणार होती, निमंत्रित देशांची. सामने तिकडे शहरात. पण एका पाहुण्या संघाच्या सरावासाठी आमचं मैदान दोन दिवस ठरलं, डिसेंबरची चार आणि पाच तारीख. कुठला देश ते मी मुद्दामच सांगत नाही. सेक्रेटरीसाहेब स्वतः आमच्या पडवीत आले, खुर्ची नाकारली, आणि उभ्या उभ्या म्हणाले, "सखाराम, हे दोन दिवस निर्विघ्न पार पडले की सोमवारी तुझं पत्र. मी शब्द देतो." बापूंनी त्या दिवसापासून गवतावर बोटं फिरवून खडे वेचायला सुरुवात केली. अक्षरशः बोटांनी.

मग तयारी. स्टेशनपासून मैदानापर्यंतच्या भिंती रंगल्या. बोंबीलवाल्या बाया, चप्पल शिवणारे, केळेवाला, सगळे उचलले गेले. चार दिवस दिसायचं नाही असं त्यांना सांगितलं होतं. कमिटीचा एक माणूस आईला पाणी उकळायला शिकवायला आला. वीस मिनिटं उकळायचं, दुपदरी फडक्याने गाळायचं, झाकून ठेवायचं, बोटं बुडवायची नाहीत. आई निमूट ऐकत होती. तिने आयुष्यभर दुसरं काय केलं होतं? त्याने कागदी पेल्यांचा एक खोका दिला आणि एक छापील कागदही दिला. पाहुण्यांना काय आवडत नाही याची त्यावर यादी होती. टक लावून बघू नये, अंगाला हात लावू नये, थुंकू नये, मोठ्याने बोलू नये. मी तो कागद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "चांगलंय की. आपल्याला काय आवडत नाय त्याचा पण कागद हाय का त्यांच्याकडं?"

ओवाळायला अधिकाऱ्यांच्या घरच्या बायका येणार होत्या. आईने पाण्याच्या पिंपापाशीच थांबायचं होतं, हेही तिला दोनदा सांगितलं गेलं.

हे सगळं गिळून झालं असतं. पण नोव्हेंबरच्या शेवटी, ऑफिसात डबा खाताना, इंग्रजी पेपरात मी एक छोटी बातमी वाचली. या पाहुण्या संघातला एक खेळाडू आदल्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत खेळून आला होता. जगाने त्या देशाशी खेळणं बंद केलं होतं, कारण तिथे कातडीचा रंग बघून माणसाला बाकडं, बस, शाळा, पाण्याचा नळ वेगळा; आणि हा गडी तिथे जाऊन खेळला होता. पुन्हा जाणार नाही असं त्याने लिहून दिलंय म्हणे, म्हणून येऊ दिला. खेळात राजकारण आणू नये, असं संयोजकांचं म्हणणं खाली दिलं होतं. मी डबा झाकून ठेवला.

आम्ही बौद्ध. मूळचे साताऱ्याकडचे. माझ्या आजीच्या पिढीला गाव शिवत नव्हतं, आणि आईच्या लहानपणीसुद्धा विहिरीवर तिला घागर बुडवायची मुभा नव्हती. विहिरीपासून लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून पाण्याची धार सोडणार, आणि खाली ओंजळ धरून प्यायचं. धार तुटली तर तहान तशीच ठेवून घरी यायचं. हे आम्हाला गोष्टीसारखं सांगितलेलं नव्हतं. आई रागावली की एकदम निघायचं. आम्ही जेवताना पाणी सांडलं की म्हणायची, "वरून पडायला लागलं असतं म्हंजे कळलं असतं."

मी ती बातमी कापली आणि विलासला दाखवली. विलास आमच्या विहाराच्या युवक मंडळाचा. माझ्याच वयाचा, कारखान्यात फिटर, डोकं भडक. तो म्हणाला, "प्रमिला, हा माणूस आपल्या मैदानात खेळणार आणि आपण बघत बसणार? वाट लावून टाकू." म्हणजे काय, तर काळ्या फिती लावून मैदानाच्या फाटकाशी मुकाट बसायचं. एवढंच. घोषणासुद्धा नव्हती.

तो आमच्या घरी येऊन आईला म्हणाला, "काकू, एवढं करा. त्याला पाणी देऊ नका."

आई भाकरी थापत होती, थांबली नाही. "पाणी नाय अडवायचं रे. ते आपलं नाय काम."

"मग काय ओवाळू त्याला?"

"ओवाळू नको. पण पाण्याला नाय म्हणणारे आपण नव्हं. ती माणसं येगळी होती."

बापू कोपऱ्यात बसून होते. विलास गेल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "बातमी तूच दाखवलीस?" मी हो म्हटलं. ते उठून बाहेर गेले आणि सकाळीच फिरवलेला रूळ पुन्हा फिरवू लागले. त्या लोखंडाचा घरघर आवाज ऐकताना मला पहिल्यांदा भीती वाटली. माझ्या रागाची किंमत त्यांना द्यावी लागणार होती.

तीन तारखेला संध्याकाळी पोलीस विहारात आले. त्यांच्याकडे नावांची यादी होती. विलास आणि चार पोरांना "जरा चौकशी आहे" म्हणून घेऊन गेले आणि पाच तारखेच्या संध्याकाळपर्यंत चौकीत बसवून ठेवलं. गुन्हा नाही, कागद नाही. बाकावर बसायचं, बस. विलासची आई डबा घेऊन गेली तर तो आत पाठवला, तिला नाही. सेक्रेटरीसाहेब बापूंना म्हणाले, "तुमच्या लोकांना आवर घाल बाबा. तुझ्यासाठीच सांगतोय." तुमच्या लोकांना. बापू 'हो साहेब' म्हणाले. मी पडद्याआड होते. त्या 'हो'चा मला इतका संताप आला की मी दोन दिवस त्यांना ताट वाढलं नाही, आईलाच वाढू दिलं. आज माझं वय बापूंच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे, आणि ते वागणं आठवलं की जीव शरमतो.

घर तेव्हा माणसांनी भरलेलं होतं. सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर जायला गावाकडून नातेवाईक यायचे, ते आमच्याकडेच उतरायचे. पत्र्याच्या त्या खोलीत आणि पडवीत चौदा माणसं. दगडांच्या चुलीवर भाकऱ्या, ठेचा, पोरांची रडारड, आणि पांढऱ्या साड्यांच्या घड्या घालून ठेवलेली बोचकी. सेक्रेटरीसाहेबांनी ही माणसं दोन दिवस दिसता कामा नयेत असं सांगितलं, म्हणून आम्ही पडवीला गोणपाट लावलं. त्यामागे बसलेली माणसं कुजबुजत बोलायची. त्यांत माझी थोरली आत्या होती, बापूंची बहीण. वाळकी, ताठ, पान खाणारी. तिला गोणपाटाची फार गंमत वाटली. म्हणाली, "गावात व्हतं तवा वस्ती लांब ठिवायचे. हितं मुंबईत निस्तं फडकं. सुदारना हाय."

चार तारखेला संघ आला. सेक्रेटरीसाहेबांनी मला रजा घ्यायला लावली होती. "इंग्रजी येतं ना तुला? पाण्यापाशी उभी राहा, काही विचारलं तर सांग." मी ठेवणीतली साडी नेसून पिंपापाशी उभी. शेजारी आई, तिच्या हातात लखलखीत घासलेला तांब्या, फळीवर कागदी पेले. समोर ते हिरवंगार मैदान, बापूंनी खडे वेचलेलं. अधिकाऱ्यांच्या बायकांनी कुंकवाचं बोट पुढे केलं, तर एक-दोघांनी घाबरून मान मागे घेतली. सगळे हसले. मी मात्र तो बातमीतला खेळाडू शोधत होते.

तो कोण हे मला पेपरातल्या फोटोवरून माहीत होतं. वाईट माणूस वाईट दिसावा अशी माझी अपेक्षा होती, आणि तो तसा दिसत नव्हता. उंच, उन्हाने नाक सोललेलं, चेहऱ्यावर ठिपके. बापूंनी रबरी पाइप बाजूला ओढला तेव्हा त्यानेच वाकून हात लावला. त्यामुळे मला आणखी चीड आली.

सराव थांबला, खेळाडू पाण्याकडे आले. आई एकेकाच्या हातात कागदी पेला देत होती. त्याची पाळी आली. मी हळूच म्हटलं, "हाच." आईने हातातला पेला फळीवर ठेवला. तांब्या उचलला, खांद्याच्या वर नेला, आणि दुसऱ्या हाताने त्याला खूण केली, ओंजळ धर.

त्याला आधी कळेना. मग कळलं. त्याने दोन्ही हात जुळवले, वाकला, आणि आईने वरून धार सोडली. त्याच्या हनुवटीवरून, सदऱ्यावरून पाणी ओघळत होतं, आणि त्याला भलतीच मजा वाटत होती. बाकीचे शिट्ट्या मारायला लागले. दोघे-तिघे आपले पेले टाकून ओंजळी पुढे करून आले. "त्यांना पेल्यानं दे," आई मला म्हणाली. फोटोग्राफर पळत आला, दोनदा चमकलं.

तो सरळ झाला, तोंड पुसलं, आणि मला इंग्रजीत विचारलं, "फार सुंदर रीत आहे. हिचा अर्थ काय?"

आई माझ्याकडे बघत होती. पलीकडे सेक्रेटरीसाहेब माझ्याकडे बघत होते. त्यांच्याही पलीकडे बापू, हातात पाइप, त्यातलं पाणी त्यांच्याच पायांवर पडत होतं आणि त्यांना भान नव्हतं. आठवडाभर मी त्याला सुनवायचं खरं वाक्य मनात घोळवत होते. ऑफिसात टाइप करताना, ताटावर बसले असताना. आणि मी म्हणाले, "आमच्याकडे मोठ्या पाहुण्याला असं पाणी देतात. हा मान असतो."

त्याने हात जोडून आईला नमस्कार केला.

"सांगितलंस?" आईने विचारलं.

"सांगितलं."

"मग काय म्हणाला?"

"काही नाही. मान खाली घातली."

आईने पदराने तांब्या पुसला. तिचा चेहरा मला अजून दिसतो. इतकी वर्षं कुठेतरी अडकलेली गोष्ट एकदाची बाहेर पडल्यासारखा मोकळा चेहरा.

खोटं बोलल्यावर माणसाला अपराधी वाटतं म्हणतात. मला त्या क्षणी फक्त सुटल्यासारखं वाटलं. सोमवार वाचला, खोली वाचली. अपराधी वाटायला संध्याकाळ व्हावी लागली.

संध्याकाळी चुलीपाशी आईने सगळं रंगवून सांगितलं. गोणपाटामागची माणसं ऐकत होती, कुणी कुणी डोळे पुसत होतं. आईच्या पुतण्या, भाचे माझ्याकडे आदराने बघत होते. मी कांदा कापायला घेतला, म्हणजे डोळ्यांचं कारण विचारायला नको. आत्या पान चघळत होती. सगळ्यांचं बोलून झाल्यावर तिने पानाची पिचकारी बाहेर टाकली आणि म्हणाली, "वैनी, चुकलं तुझं."

"काय चुकलं वन्सं? पाणी दिलंच की मी."

"दिलंस. पन वरून दिलंस. माज्या हातावर पडलंया वरून पानी. ते पानी न्हाई लागत त्वांडाला. त्ये कुनालाच पाजू ने. त्यालाबी न्हाई. हातात प्याला द्याचा, डोळ्यात बगायचं, आन् सांगायचं. सांगायला काय भ्याचं?"

आई बराच वेळ भाकरी उलटायची विसरली. करपल्याचा वास आला तेव्हा तिने ती काढली आणि मला म्हणाली, "पमे, तू त्याला काय म्हणालीस ते इंग्रजीतनं मला शिकव. उद्या पेला देऊन मीच म्हणीन."

तिला शिकवायला माझ्याकडे होतं काय? मी त्याला जे बोलले ते शिकवणं शक्य नव्हतं. म्हणून मी तिला ते वाक्य शिकवलं, जे मी बोलले नव्हते. आमच्या गावात आम्हाला असं वरून पाणी द्यायचे, शिवाशिव होऊ नये म्हणून; तुम्ही खेळून आलात तिथेही तेच चालतं. लहान लहान तुकडे करून. आई पीठ मळत ते घोकत होती. चुकायची, परत पहिल्यापासून म्हणायची. पोरं हसायला लागली की त्यांना दटावायची. मला वाटत होतं, उद्या तो पाण्याकडे येऊ नये. बसच बंद पडावी. आईचा घसा बसावा, असंसुद्धा माझ्या मनात येऊन गेलं.

सकाळी मराठी पेपर आला. आतल्या पानावर फोटो. वर तांब्या, खाली ओंजळ, आई आणि तो. खाली छापलं होतं की मुंबईच्या उपनगरात पाहुण्या खेळाडूचं परंपरेनुसार जलपानाने स्वागत. आईच्या एका भाच्याने ते मोठ्याने वाचलं.

"स्वागत?" आई म्हणाली. "असं कसं छापलं? तू तर सांगितलंस त्याला."

"पेपरवाले काय, काहीही छापतात," मी म्हणाले. हे तिसरं खोटं. आत्या माझ्याकडे नुसती बघत राहिली.

पाच तारखेचं ऊन मला आठवतं, कारण मी सारखी सावलीची जागा मोजत होते. सावली फळीपर्यंत आली की सराव थांबणार होता. थांबला. आज तो सगळ्यांत पुढे होता. लांबूनच हसत, ओंजळ धरूनच आला, मागे आणखी दोघे ओंजळी धरून. फोटोवाले नव्हते, पण सेक्रेटरीसाहेब होते, कमिटीचा माणूस होता.

आईने तांब्यातून कागदी पेला भरला आणि उजव्या हाताने त्याच्यापुढे धरला, डावा हात कोपराला लावून, जसा मोठ्या माणसाला देतात तसा. त्याने ओंजळ सोडली, गोंधळून पेला घेतला. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. मग ती त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "इन अवर व्हिलेज, दे गिव्ह अस वॉटर लाइक यस्टर्डे. फ्रॉम अप. नो टच. सेम थिंग देअर. यू वेंट देअर अँड प्लेड."

एकही शब्द चुकला नाही.

तो हसायचा थांबला. आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळू आवाजात म्हणाला, "पण काल तुम्हीच मला सांगितलंत, हा मान आहे म्हणून."

"काय म्हणतोय?" आईने विचारलं.

बापूंनी पाइपचा नळ बंद केला होता. त्यामुळे सगळं फार शांत झालं होतं. पत्र सोमवारी येणार होतं. मधे फक्त एक रविवार. 'तो सॉरी म्हणतोय' एवढं मराठीत म्हणायचं होतं, तीन शब्दांचं काम, आणि आई जन्मभर सुखात राहिली असती. माझ्या जिभेवर ते आलंही होतं.

"तो म्हणतोय," मी म्हणाले, "काल तुझ्या पोरीनं त्याला सांगितलं, की असं पाणी देणं हा मान असतो."

आईने त्याच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मग आता नीट सांग त्याला. मी हितंच उभी हाय."

मी सांगितलं. विहीर सांगितली, लांब उभं राहणं सांगितलं, धार तुटल्यावर तहान घेऊन परतणं सांगितलं. काल मी घाबरून खोटं बोलले आणि का घाबरले तेही सांगितलं. माझं इंग्रजी मोडत होतं. "प्रमिला, पुरे," सेक्रेटरीसाहेब दोन पावलं पुढे आले. तेव्हा बापू मधे आले. अकरा वर्षं 'हो साहेब'शिवाय न बोललेले माझे बापू, फक्कीने पांढरे झालेले पाय घेऊन. म्हणाले, "बोलू द्या तिला, साहेब."

तो खेळाडू म्हणाला, मी तिथे फक्त खेळायला गेलो होतो. मी मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "खेळायला गेला. आन् तिथं कुणाला खेळू देत नव्हते, ते नाय दिसलं?" मी इंग्रजीत सांगितलं. तो पेल्यातलं पाणी सगळं प्यायला, पेला फळीवर ठेवला आणि गेला. पुढे त्याने काय केलं मला माहीत नाही. मी कधी शोध घेतला नाही. तो सुधारला का, हा प्रश्न लोक विचारतात; मला तो त्याचा प्रश्न वाटतो.

पाहुण्याशी असं वागावं का? यावर मी पुष्कळ विचार केलाय. आलेल्याचा मान राखावा हे खरंच. पण मान राखणं आणि त्याच्यापासून लपवणं यात फरक आहे. रंगवलेली भिंत, उचललेले फेरीवाले, चौकीत बसवलेली पोरं, आमचं गोणपाट आणि माझं ते वाक्य, सगळं एकाच कामाचं होतं. पाहुण्याला आम्ही कोण ते कळू द्यायचं नव्हतं. आत्या बरोबर होती, आईची धार चुकली. पण आईची चूक निदान खरी होती. माझी नव्हती.

सहा तारखेला आम्ही सगळे दादरला गेलो. विलास सुटून आला होता, तोही होता. आईने रांगेतच त्याला सगळं सांगितलं, माझं खोटंही. तो माझ्याशी महिनाभर बोलला नाही.

पत्र आलं नाही. बापूंच्या जागी मार्चमध्ये दुसरा माणूस आला. त्याला बापूंनी रूळ कसा ओढायचा ते दोन दिवस शिकवलं. आम्ही घाटकोपरला डोंगरउतारावर दहा बाय दहाच्या खोलीत गेलो. तिथे पाणी खालून चढवून आणावं लागायचं. बापू ठेकेदाराकडे बागकामाला लागले. शेवटपर्यंत कुठल्याही मैदानावरून जाताना ते थांबायचे, गवत बघायचे, आणि पुढे चालू लागायचे. त्यांनी मला कधी एका शब्दाने टोचलं नाही. त्या मैदानासाठी मी अजूनही रडते, आणि ते बोललो म्हणून गेलं की आदल्या दिवशी बोललो नाही म्हणून, हे मला ठरवता आलेलं नाही.

दर डिसेंबरला त्या खोलीतही गावाकडची माणसं यायचीच. जेवणं झाली की कुणीतरी म्हणायचं, "वैनी, ते पाण्याचं सांगा की." आई सांगायची. आधी स्वतःचं चुकलेलं, मग माझं. काही गाळायची नाही. मी काहीतरी निमित्त काढून दारात जाऊन उभी राहायचे. आत कुणीतरी भलं माणूस माझी बाजू घ्यायचं, "पन पोरीनं सांगितलं ना शेवटाला, नोकरी पनाला लावून. धीराची हाय."

"सांगितलं," आई म्हणायची. "एक दिवस उशिरा."

आणि मग मला हाक मारून सगळ्यांना पाणी द्यायला लावायची.